दोन लाख चाळीस हजार माइल्स

बेलापूर, ३ नोव्हेंबर २०२५

ती. सुचिताताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोन केला नाही, कारण हे जूनमध्ये रिटायर झाल्यापासून दिवसभर हॉलमध्ये बसतात आणि माझा फोन वाजला की टीव्हीचा आवाज बारीक करतात. व्हॉट्सॲपही माझ्याआधी तेच उघडतात. म्हणून ऑफिसात डबा खाऊन झाल्यावर लिहायला बसलेय. उत्तरही ऑफिसच्याच पत्त्यावर धाड.

काल कोरेगावला आमच्या पुतण्याचा, विश्वजितचा साखरपुडा झाला. खोकल्यामुळे तू आली नाहीस ते बरंच झालं, नाहीतर माझा चेहरा बघून तूच काहीतरी बोलून बसली असतीस. मुलगी प्रियदर्शिनी, पुण्याला बँकेत आहे. चुणचुणीत वाटली. पानं मांडायच्या आधी ह्यांनी माईक घेतला. म्हणाले, पंचवीस वर्षं कंपनीचे पंप बसवायला विमानानं फिरलो, त्याचे दोन लाख चाळीस हजार माइल्स साठलेत, ते सगळे माझ्या पुतण्याच्या हनिमूनला! टाळ्या पडल्या. मालतीवहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मग हे म्हणाले, तिकिटांतलं आमच्या सुमेधाला बरोबर कळतं, ती करेल सगळं. मी हसले, ताई. दात इतके आवळून हसले की आज जबडा ठणकतोय.

माइल्स म्हणजे विमानकंपनी दर फेरीमागे खात्यावर जमा करते ते गुण. पुष्कळ साठले की तिकीट फुकट. ह्यांनी नुसता प्रवास केला. शर्टाच्या खिशातून बोर्डिंग पास काढून, घामानं पुसट झालेले आकडे वाचून ते चढवायचं काम माझं. राहिलेल्या फेऱ्यांसाठी विमानकंपनीला मेल लिहिले मी. खातं ह्यांच्या नावाचं, पण मोबाइल नंबर आणि ईमेल माझा. हे सगळं मी का केलं? दर खेपेला पास हातात देताना म्हणायचे, एकदा तुला ह्यावर नेणार. माझा हा तिसरा पासपोर्ट. तिन्ही कोरे.

आणि द्यायचे कुणाला, तर मालतीवहिनींच्या मुलाला. १९९४ साली लग्नानंतर आमची उदयपूरची तिकिटं होती, हॉटेल ठरलं होतं, बॅग भरून दारात ठेवली होती. आदल्या दिवशी सकाळी हे खाली मान घालून सांगायला आले की वहिनींनी आईंकडे हट्ट धरलाय, थोरल्यांच्या आधी धाकटे कसे जातात म्हणून. दादा-वहिनी गेले. तू विणलेला माझा मोहरी रंगाचा स्वेटरसुद्धा बॅगेतून काढून त्यांना दिला. मी आठ दिवस सगळ्या घराचा स्वयंपाक केला आणि त्यांची दोन वर्षांची तापलेली पोर कडेवर घेऊन फिरले. पुढं कित्येक वर्षं दिवाळीला मला ते तलावाचे फोटो बघावे लागले.

ताई, ह्या खेपेला मी सोडणार नाही. काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, पण मालतीवहिनींच्या डोळ्यांत खरं पाणी येईल असंच करणार.

काढा घेत जा. लोभ आहे तेवढाच ठेव, आणि माझ्याबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस.

तुझी,
सुमेधा


सातारा, ९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. सुमेधास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. पोस्टमन म्हणाला, बाई, आता पत्रं कोण लिहितं? त्याला सांगितलं, ज्यांचे नवरे रिटायर होतात त्या लिहितात.

खोकला उतरलाय. स्वेटरचं वाचून मात्र पुन्हा उसळी आली. महिनाभर खपून विणला होता मी तो, गळ्याला दुहेरी पट्टी घालून! तेव्हा राग मलाही आहे. पण बये, सूड म्हणजे भाजणी नव्हे की हाताला लागेल ते घालून दळून आणावं. नेमकं काय आणि कुणाला, हे आधी बघ. त्या प्रियदर्शिनीनं तुझं काय घोडं मारलंय? ९४ साली तिचा जन्मसुद्धा झाला नव्हता.

आधी दिलीपरावांशी सरळ बोल. तू बोलत नाहीस, हसतेस. लहानपणापासून तुझं हेच. भातुकलीतली कढई मी घेतली तर हसलीस आणि चार दिवसांनी माझी वही विहिरीत टाकलीस.

तब्येतीला जप, रागालाही जरा जप. माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझी,
सुचिताताई


बेलापूर, २४ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वहीबद्दल पन्नास वर्षांनी माफी मागते. पण बोलायचा सल्ला मानला नाही, कारण मला वाट सापडली आहे.

काल विश्वजित आणि प्रियदर्शिनी घरी आले होते. माइल्स कुठं खर्चावेत हे ठरवायला. मी लॅपटॉप घेऊन मध्ये, ती दोघं दोन बाजूंना, हे मागं उभे राहून सूचना देत होते. प्रियदर्शिनीचं मन व्हिएतनामवर होतं. तिनं हिशेबही नीट केला होता: साध्या क्लासनं गेलो तर निम्मे माइल्स उरतात, ते काकांना परत. तेवढ्यात कोरेगावहून वहिनींचा व्हिडिओ कॉल. त्यांनी सगळ्या भावकीत स्वित्झर्लंड सांगून ठेवलंय, तेही झोपायच्या सीटवरनं. म्हणाल्या, माइल्स उरवून काय लोणचं घालायचंय? विश्वजितनं मोबाइलमध्ये डोकं घातलं. ह्यांनी मान डोलावली. झालं, दोन लाख बत्तीस हजार माइल्स एका फटक्यात.

मधेच त्या मुलीनं मला विचारलं, काकू, तुम्हाला जायचं असतं तर कुठं गेला असतात? मला काही सांगताच आलं नाही. एवढी वर्षं पास चढवले, राग धरला, पण जागा कधी निवडलीच नाही. ह्यांनी माझ्या वतीनं उत्तर दिलं, तिला विमानात मळमळेल.

मी तिकिटं काढली. ओटीपी माझ्याच मोबाइलवर आला. लग्न चौदा डिसेंबरला, विमान अठराच्या रात्री. आता ऐक. माइल्सचं तिकीट चोवीस तास आधीपर्यंत रद्द करता येतं आणि थोडे कापून बाकीचे खात्यावर परत येतात. रद्द झाल्याचा मेल येतो तो मलाच. सतराला कोरेगावला सत्यनारायण आहे, सगळे गडबडीत असतील. मी प्रसाद घेणार, हात धुणार आणि एक बटण दाबणार. दुसऱ्या दिवशी वहिनी लेकाला सोडायला विमानतळावर येणार आहेत, त्यांच्यासोबत जीप भरून भावकी. काउंटरवरचा माणूस सांगेल की ह्या नावानं तिकीटच नाही. मला फक्त वहिनींचा चेहरा बघायचाय. भरलेली बॅग घेऊन माघारी फिरताना कसं वाटतं ते त्यांना एकदा कळू दे.

तू नको म्हणशील. तरी लिहिलं, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना.

माझ्यावरचा जीव कमी करू नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
सुमेधा


सातारा, २९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. सुमेधास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि लगेच उत्तराला बसले.

बटण दाबलंस तर माघारी कोण फिरेल? नवी नवरी, हिरव्या चुड्यानिशी, जीपभर लोकांसमोर. १९९४ साली जे तुझं झालं तेच तिचं होईल आणि करणारी तू असशील. मग तीही एकतीस वर्षं तुझ्या नावानं दात आवळेल. ते तुला चालणार आहे का?

आणि एक विचारते, रागावू नकोस. मालतीबाईंनी तिकिटं मागितली, कबूल. पण दिली कुणी? ह्या खेपेला तर कुणी मागितलंसुद्धा नव्हतं. दोन्ही वेळा तुझ्या ताटातलं उचलून दुसऱ्याच्या ताटात वाढणारा हात एकच आहे. जावेवर राग धरणं सोपं, ती कोरेगावला असते. नवरा शेजारी झोपतो, म्हणून तिकडं तुझी नजर जात नाही.

सूड घेऊच नकोस असं मी म्हणत नाही. बरोबर माणसावर घे, आणि समोरून घे.

आणि जागा सुचत नसेल तर माझ्याकडे एक आहे. तीस वर्षं मी पोरांना भूगोलात नाईल शिकवली. खडूनं फळ्यावर काढली, डस्टरनं पुसली. एकदा पाणी बघायचंय. पासपोर्टचं मी बघते, पैशाला नड नाही. बोल.

जे करशील ते उजेडात कर. माया आहेच, धाकही असू दे.

तुझी,
सुचिताताई


बेलापूर, ९ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

केलं. उजेडात केलं.

आधी पुण्याला जाऊन प्रियदर्शिनीला बँकेबाहेर भेटले. तिला सांगितलं की हे माइल्स माझे आहेत, मी देणार नाही, आणि का ते सगळं सांगितलं. सतराचा बेतही सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, काकू, तुम्ही तसं केलं असतं तर मी तुम्हाला कधी माफ केलं नसतं. त्यानंतर म्हणाली, व्हिएतनामची तिकिटं आम्ही आमच्या पगारातून काढू, उलट सुटल्यासारखं वाटतंय. विश्वजित दोन दिवस फुगून बसला, आता ठीक आहे.

मग घरी येऊन ह्यांच्यासमोर लॅपटॉप उघडला आणि त्यांच्या देखत स्वित्झर्लंड रद्द केलं. हे ओरडले, चारचौघांत दिलेला शब्द आहे, माझी इज्जत जाईल. मी म्हटलं, शब्द तुमचा होता, माइल्स माझे होते. आता वहिनींना फोन लावायचा, स्पीकरवर, आणि म्हणायचं की जे दिलं ते माझं नव्हतंच. चार दिवस हे बोलले नाहीत. मी चहा केला तर पिऊन टाकत, पण कप सिंकमध्ये आपटत. मीही मागं हटले नाही. तिकडं वहिनींच्या भावकीत स्वित्झर्लंडचे पेढे वाटून झाले होते, आणि लग्न तोंडावर आलं होतं, रोज एक दिवस वाया जात होता. पाचव्या दिवशी ह्यांनी फोन लावला.

ह्यांनी ते वाक्य म्हटलं, ताई. शब्दन् शब्द. मला वाटलं होतं वहिनी थयथयाट करतील. त्या एवढंच म्हणाल्या, भावजी, तुमी तवाबी असंच दिलं हुतं. आणि फोन ठेवला. माझ्या लेखी तो टोमणा होता. पण ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

मला गोड लागलं, खोटं कशाला सांगू. एकतीस वर्षांत पहिल्यांदा हे माझ्यासमोर खाली बसले आणि मी उभी होते.

आपली दोघींची कैरोची तिकिटं काढलीत, वीस जानेवारीची. आधी काढलेलं रद्द करताना काही माइल्स कापले गेले, म्हणून आपल्यालाही झोपायच्या सीट घेतल्यावर खातं जवळजवळ रिकामं झालं. बघू मळमळतंय का ते. लग्न उरकलं की रजा टाकते आणि संक्रांतीच्या आधीच तुझ्याकडे येते, तिथूनच निघू.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी,
सुमेधा


नेरूळ, १२ जानेवारी २०२६

सौ. सुमेधा हिस,
स. न. वि. वि.

घरी पत्र कसं लिहितात हे मला माहीत नाही. रिपोर्ट लिहायची सवय आहे. चुकलं तर सांभाळून घे.

तू साताऱ्याला गेल्यापासून वहिनींचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. तुला त्याचा अर्थ कळला नाही, हे मी पाहिलं आणि गप्प बसलो. आता लिहितो.

१९९४ साली वहिनींनी तिकिटं मागितली नव्हती. आईनंही सांगितलं नव्हतं. मीच दिली. माझी इंजिनीअरिंगची फी दादांनी भरली होती. लग्नात कुणीतरी बोललं की दादाला कुठं जायला मिळालं नाही आणि हा चालला मजा मारायला. मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मी तिकिटं दादांच्या हातात ठेवली. सगळे वा वा म्हणाले. तुला काय सांगायचं हे सुचेना, म्हणून वहिनींचं नाव घेतलं. एकदा घेतलं ते तसंच राहिलं. तू त्यांच्याशी तुटक वागायचीस ते मला दिसत होतं. कधी बोललो नाही, कारण बोललो असतो तर तो राग माझ्याकडे वळला असता.

माझं चुकलं. कैरोचं तिकीट मी माझ्या खर्चानं काढू शकतो. चालेल का ते कळव.

लोभ राहील अशी आशा करण्याचा मला हक्क आहे का, माहीत नाही.

दिलीप


सातारा, १७ जानेवारी २०२६

श्री. दिलीप यांस,

पत्र मिळालं. काल ते घेऊन कोरेगावला गेले आणि मालतीवहिनींना वाचून दाखवलं.

त्या म्हणाल्या, पोरगी तापानं फणफणलेली, माझा पाय निघत नव्हता. पण दिलेलं नाकारलं तर भावजींना वाईट वाटंल म्हणून ह्यांनी मला ओढत नेलं. आठ दिवस तळ्याकाठी बसून रडले. फोटो दाखवायची ते का, तर तू पोरीला सांभाळलंस म्हणून तुला तरी ती जागा दिसावी. आणि तू तोंड फिरवायचीस.

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही. म्हणाल्या, दर दिवाळीला तू मला शेवटची वाढायचीस, तेवढ्या दिवाळ्या कुठनं आणणार? बरोबर आहे त्यांचं. त्यांच्याच मुलाची नवरी मी विमानतळावर उभी करणार होते. एकतीस वर्षं मी चुकीच्या दारावर दगड मारले आणि तुम्ही खिडकीतून बघत राहिलात. तिकिटांचं एक वेळ मी विसरले असते. हे विसरणार नाही.

कैरोला येऊ नका. शेजारची सीट ताईची आहे.

आम्ही तीस तारखेला परत येतो. त्याआधी तुम्ही कोरेगावला जायचं आणि जे मला लिहिलंत ते वहिनींना, दादांसमोर, तोंडानं सांगायचं. सांगितलंत तर वहिनी मला फोन करतील, तसं त्यांच्याशी ठरलंय. फोन आला नाही, तर विमानतळावरून मी टॅक्सी नेरूळची करणार नाही.

खात्यावर आता अकराशे माइल्स उरलेत. तेवढ्यात कुठंच जाता येत नाही, मी बघितलं.

पत्राच्या शेवटी जे लिहायचं असतं, ते आज लिहीत नाही.

सुमेधा