बाराशे शब्द आणि एकटी लोहारीण

३ मार्च, सोमवार

बाराशे चौदा शब्द, आणि प्रत्येकाखाली एकच नाव — लोहारीणबाईंचं! सुईणीचे शब्द सांगणारी कोण? लोहारीणबाई. कोळ्याच्या जाळ्याचे, कुंभाराच्या चाकाचे? त्याच. छापखान्यातून फोन आला, या बाईंना एकदा भेटायचंय म्हणाले. मी हसले आणि फोन ठेवल्यावर घाम फुटला.

मोठ्या सरांनी या शब्दकोशासाठी तीस वर्षं दारोदार फिरून कष्टकऱ्यांच्या तोंडचे शब्द गोळा केले. प्रत्येकाला सांगितलं, तुमच्या शब्दाखाली तुमचंच नाव छापेन. आता सर एक्याऐंशीचे. सगळं एका एक्सएमएल फाइलीत आहे — शब्दाच्या घरात अर्थ, उदाहरण, सांगणारा. त्यातून छापायची पानं काढणारा साचा माझा. आणि कुठलं काय कुठून उचलायचं, तो पत्ता म्हणजे एक्सपाथ. पत्ते माझेच चुकलेत. शुक्रवारी सकाळी छपाई सुरू.

सरांना अजून सांगितलेलं नाही.

४ मार्च, मंगळवार

सापडलं!!

मी लिहिलं होतं: //सांगणारा. सुरुवातीच्या त्या दोन तिरक्या रेघांचा अर्थ — तू कुठे उभा आहेस ते विसर, फाइलीच्या वेशीपासून शोधत ये. तो बिचारा दर शब्दाला वेशीवर जायचा आणि पहिला भेटेल त्याला धरून आणायचा. फाइलीत लोहारकाम पहिलं. म्हणून लोहारीणबाई, बाराशे चौदा वेळा!

रेघा खोडल्या. नुसतं: सांगणारा. म्हणजे याच शब्दाच्या घरातला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! सुईण सुईणीच्या जागी, कुंभार कुंभाराच्या. मी खुर्चीतच एक गिरकी घेतली. शिपाईमामांनी पाहिलं, पण ते सभ्य आहेत.

सरांना सांगून टाकलं. ते पोट धरून हसले. बाईंना कळवा म्हणाले, खूश होतील.

५ मार्च, बुधवार

सकाळपासून एकही चूक नाही. म्हणून संशय आला.

चौकटी कंसात अट घातली: ज्यांच्या घरात सांगणाराच नाही, असे शब्द दाखव. सदतीस निघाले! लोहारीणबाईंच्या पदराखाली ही रिकामी घरं झाकून गेली होती.

सगळे बुकबाइंडिंगचे. चिकटवायची खळ, पुठ्ठा, जुजबंदी म्हणजे पानांच्या घड्यांची शिवण. सर म्हणाले, जुन्या छापखान्यातली एक बाइंडर होती, शब्द द्यायला तयार, नाव द्यायला नाही. तिला दिलेला शब्दही पाळायला हवा, नाव तिच्या परवानगीशिवाय नाही. तिचा पत्ता? तो त्यांच्याकडे नव्हता.

मी यादी वाचत गेले. एकोणिसावा शब्द: मुकी पानं. पुस्तकाच्या शेवटी सोडलेली कोरी पानं.

हा शब्द मी आयुष्यात एकाच तोंडून ऐकलाय. ते तोंड रोज माझ्यासमोर बसून जेवतं.

६ मार्च, गुरुवार

सासूबाई पंचवीस वर्षं बाइंडिंग करत होत्या, हे ठाऊक होतं. शब्द दिले ते ठाऊक नव्हतं. सकाळी भाजी निवडताना विचारलं. आधी कानावर हात. मग मी यादी वाचली, तर तिसऱ्याच शब्दात चूक काढली! म्हटलं, आता सुटका नाही.

मग सगळं बाहेर आलं. लग्नानंतरची पहिली चार वर्षं त्या कामाला जातात हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या सासूला वाटायचं, सून शिवणाच्या वर्गाला जाते. सर शब्द विचारायला आले ते तेव्हाच. नाव छापलं असतं तर चोरी उघडी!

“पण आई, आता कुणाला भ्यायचं? तुमच्या सासूबाई जाऊन वीस वर्षं झाली.”

“भीती नाही गं. पण खोटं बोलून कामाला गेलेली बाई मी. अशा बाईचं नाव कशाला हवं पुस्तकात?”

मला रडू आलं आणि रागही. म्हटलं, खोटं घरात बोललात, काम तर खरं केलंत ना? त्या भाजी निवडत राहिल्या. मला त्यांचा इतका अभिमान वाटतोय, आणि उद्या त्यांच्या शब्दांखालची जागा कोरी जाणार.

७ मार्च, शुक्रवार

ऑफिसला पोचले तर सासूबाई माझ्याआधी हजर! इस्त्रीची साडी, सरांसमोरच्या खुर्चीत. काम तर खरंच केलं होतं, नाव घाला म्हणतात, पूर्ण घाला, माहेरच्यासकट. आणि म्हणतात शब्द सदतीस नव्हतेच — दोनशेच्या वर होते, जास्त वेळ बोलत बसले तर पकडली जाईन म्हणून तेव्हा बाकीचे गिळले. सरांनी छापखान्याला फोन करून मशीन थांबवायला सांगितलं. दोघं बोलताहेत, मी टाइप करतेय. पन्नास झाले.