आटलेला शर्ट आणि बाकीचे आठ कपडे

मी, टिल्डा होरचॅक, वय तेवीस, कायमचा पत्ता नाही, सध्या मुक्काम कोडियाक, मासळी कारखान्याचं कामगार वसतिगृह. उद्या खेकड्यांच्या बोटीवर चढते आहे. डोकं ठिकाणावर आहे, प्यायलेली नाही, आणि राग आहे तो पूर्ण शुद्धीतला आहे. बोट परत येतेच असं नाही, म्हणून ही व्यवस्था.

१. माझी इस्टेट म्हणजे एक पिशवी. तीत नऊ कपडे होते, आता आठ आहेत. ती जमवायला पाच वर्षं गेली. उन्हाळ्यात इथे मासळी, पुढे वॉशिंग्टनला सफरचंदं, हिवाळ्यात मोंटानाच्या हॉटेलात बिछाने घालणं; यंदाचा हिवाळा मात्र इथेच. (सफरचंदं तोडायच्या शिडीला तीनच पाय असतात, सांगितलं तर कुणाला पटत नाही. असो.) जून आत्या म्हणायची, "टिल्डे, जो तीन ऋतू चालत नाही तो कपडा नव्हे, हमाली." म्हणून माझं सगळं करडं, निळं, मातकट, कशावरही काहीही चढतं. ऊन आलं की सोलायचं, वारा सुटला की चढवायचं.

२. या सगळ्याचा मधला खांब म्हणजे आत्याचा लाल चौकड्यांचा लोकरी शर्ट. उन्हाळ्यात तेच जाकीट, थंडीत जाकिटाच्या आत. भिजला तरी ऊब द्यायचा. ब्रॉडी लँकफोर्ड, तेव्हाचा माझा जोडीदार, याने तो गरम पाण्यात धुतला आणि वर मशीनमध्ये भाजून वाळवला. कॉलरवर ठसठशीत लिहिलं होतं, गार पाणी. शर्ट आटून बाहुलीचा झाला. मग गपचूप जिन्याखालच्या फुकटच्या खोक्यात टाकला. खोक्यात गेलं ते उचलेल त्याचं, हा इथला नियम. स्वयंपाकीण युनिसने उचलला. आता तिची कुत्री बिस्किट तो घालून हिंडते.

मी विचारलं, "ब्रॉडी, माझा शर्ट कुत्रीच्या अंगावर कसा?"

"तुझा? अगं, तुझा केवढा मोठा होता! हा बघ केवढुसा."

"आटवलास तू."

"मी? मला धुणं तरी येतं का? उगाच बालंट नको."

युनिस भांडी घासत म्हणाली, "मेल्या, एकदा हो म्हण नि सूट. कुत्रीलासुद्धा माहितेय."

नाही म्हणाला. उद्या रबरी पोशाखाच्या आत मी कुडकुडणार, त्याचं मी बघेन. शर्ट आता नकोच. मला त्याचा तो 'हो' हवा आहे, आणि लेखी हवा आहे.

३. शर्ट बिस्किटकडेच राहावा. तिने निदान तो उजळ माथ्याने घातला. निळा झगा युनिसला. तो लग्नालाही चालला आणि कोर्टातही (कशासाठी ते इथे नको). बाकीचं खोक्यात.

४. पिसांचं जाकीट, ज्यावर ब्रॉडीचा केव्हापासून डोळा आहे, ते ब्रॉडीला. मात्र ग्रंथालयातल्या मिसेस थोर्सन सांगतात, मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून जो सही करतो त्याला त्यातलं काही मिळत नाही. त्याने तशी सही केलीच, तर जाकीट बिस्किटच्या टोपलीत अंथरावं.

५. दुसरा साक्षीदार म्हणून ब्रॉडीलाच बोलावलं आहे. त्याचा मजकूर मीच खाली लिहून ठेवलाय, त्याने फक्त सही करायची. हे लिहितेय तेव्हा तो शेजारी पेन शोधतोय.

"माझं नाव आहे ना त्यात?"

"आहे. आधी वाच."

"एवढं कोण वाचतंय! कुठे करू ते सांग."

मिसेस थोर्सननीही त्याला वाचायला सांगितलं. दोनदा.

कोडियाक, अलास्का. १२ जानेवारी.

टिल्डा होरचॅक (सही)

साक्षीदार पहिली: टिल्डाने माझ्यासमोर सही केली. दुसरा साक्षीदार शुद्धीवर होता, घाईत होता. इंग्रिड थोर्सन (सही)

साक्षीदार दुसरा: टिल्डाने माझ्यासमोर सही केली. वरचं सगळं मी वाचलं आहे. शर्ट मीच आटवला, खोक्यात मीच टाकला. ब्रॉडी लँकफोर्ड (सही)