मेलेल्याला दिलेला शब्द

९ नोव्हेंबर, रविवार

ओंकारने तिन्ही मंत्र नापास केले. तिन्ही!

दर रविवारी दुपारी निगडीला त्याच्या फ्लॅटवर आमचा खेळ मांडला जातो. फासे, कागद, चहा आणि टेबलावर कुठेही न दिसणारं एक अख्खं राज्य. ओंकार मास्टर, म्हणजे जग त्याचं आणि नियमही त्याचे. त्याची बायको उत्कर्षा तिरंदाज. आमच्या कंपनीतला कंत्राटी कामगार बिरू चोर. आणि मी प्रेतविद्या जाणणारी म्हातारी. खेळाच्या पुस्तकातले तयार मंत्र मला बेचव लागतात, म्हणून मी माझे रचते.

पहिला, 'दुसरी पाळी'. मेलेली माणसं उठून कामाला लागतात, पण आठ तास भरले की खाली बसतात. मग कितीही ओरडा. ओंकार म्हणाला, "ताई, हे सांगाडे आहेत. युनियनचे सभासद नाहीत." दुसरा, 'हाडांची हजेरी'. रणात पडलेल्यांपैकी ज्याचं नाव तुम्हाला ठाऊक असेल तोच उठतो. "शत्रूची नावं कुठून आणणार? आधार कार्ड बघून?" ही उत्कर्षा. तिसऱ्यावर बिरू म्हणाला, "ताई, तुमचा मंत्र संपंस्तोवर राक्षस आमाला खाऊन, हात धुऊन, बडीशेप चघळत बसंल. भाषण लई हाय ह्यात."

सगळे हसले. मीही.

ओंकारचा मुद्दा मात्र खरा होता. किंमत कुठे आहे? मेलेला उठतो, ठीक. उठवणाऱ्याचं काय जातं?

घसा बसलाय. युनियनच्या कालच्या गेटसभेचा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पहिली पाळी. मग व्यवस्थापनाबरोबर बैठक. मग घर. बैठकीत चहा चांगला होता, एवढंच निष्पन्न.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कुरुळी फाट्यावर कुशाबाई भेटल्या. बिरूची आई. मेथीच्या जुड्या घेऊन रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. त्यातली एक माझ्या पिशवीत कोंबली.

"ह्यांचं वर्षश्राद्ध हाय पुढल्या म्हैन्यात. तुमीच बोलायचं, तेजूताई. दुसरं कोन न्हाई."

"बोलेन की."

"आन बिरूचं? झालं का काम?"

"चाललंय बोलणं."

"व्हईल. तुमच्या शब्दाला तर कावळा उतरला व्हता."

रिक्षा आली, त्या गेल्या. मी तिथेच उभी राहिले.

हे एकदा लिहूनच टाकते. बिरूचे वडील सोनबा. आयुष्यभर भोसरीतल्या एका वर्कशॉपात पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर होते; बिरूही आमच्याकडे प्रेसवरच. उजव्या हाताची दोन बोटं मशीनने नेली. माझ्या पहिल्या संपात ते आमच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा मी नुकती बोलायला शिकत होते. गेल्या वर्षी ते गेले. दशक्रियेला इंद्रायणीच्या घाटावर श्रद्धांजलीचं भाषण माझ्याकडे आलं. चार पुढारी मिळमिळीत बोलून गेले होते. पिंड ठेवलेला, कावळे समोरच्या झाडावर, पण एकही खाली येईना. भाऊबंद आलटूनपालटून हात जोडत होते. कुशाबाईला अंतर देणार नाही. बांधाचं भांडण मिटवू. बिरूचे दोनाचे चार करू. कावळे ढिम्म.

माइक माझ्या हातात. ऊन चढलेलं. ज्या बाईने पंधरा वर्षं व्यासपीठावरून पिंड-कावळ्याचं हे सगळं थोतांड सोलून काढलं, वाचून, पुरावे देऊन, ती मी. आणि बोलण्याच्या भरात मी म्हणाले, "सोनबा, तुमची बोटं या कारखान्यांच्या पट्ट्याने खाल्ली. तुमचा मुलगा कंत्राटी म्हणून मरणार नाही. बिरूला मी कायम करून घेईन. हा माझा शब्द."

आणि कावळा उतरला.

घाटावर टाळ्या वाजवत नाहीत. पण गर्दीतून एक हुंकार उठला. तसा हुंकार मला कुठल्याही सभेत मिळाला नव्हता. तो मला आवडला, हे इथेच लिहिते, बाहेर कुठे बोलणार नाही.

कावळ्याला भूक लागली होती, बस. हे मी जगात कुणालाही पटवून देऊ शकते. कुरुळी सोडून.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बसमध्ये सुचलं. किंमत! शब्द हीच किंमत.

१६ नोव्हेंबर, रविवार

नवा मंत्र मांडला. नाव 'राहून गेलेलं'. मृताच्या उशाशी बसायचं. त्याचं काय राहून गेलं ते ओळखायचं आणि ते पुरं करण्याचा शब्द द्यायचा. ओळख चुकली, तर तो पडून राहतो. बरोबर आली, तर उठून एका प्रश्नाचं खरं उत्तर देतो आणि परत निजतो. शब्द मात्र देणाऱ्याच्या अंगावर राहतो.

ओंकार पुढे सरकून बसला. पहिल्यांदाच.

"झकास. आणि शब्द मोडला तर?"

"ते लिहिते नंतर."

"तेच तर महत्त्वाचं आहे, ताई."

बिरू शेंगदाणे सोलत होता. म्हणाला, "त्यात एक घाला. जेवढे जमलेत तेवढ्या सगळ्यांनी शब्द द्यायचा, एकदमच. कुनी वरडून, कुनी मनातल्या मनात. उठला तर उठला. कुनाच्या शब्दाला उठला ते मास्टरनं सांगायचं न्हाई."

"मग पाळायचा कुणी?" उत्कर्षाने विचारलं.

"ज्याचा त्यानं."

मी विरोध केला. नियम ढिला होतो, जबाबदारी निश्चित राहत नाही, मेलेल्याशी झालेला करारही स्पष्ट हवा. चांगलं बोलले, मुद्देसूद. मतं पडली तीन विरुद्ध एक. निगडीतही बहुमत माझ्याकडे नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कंपनी पाच कंत्राटी कामगारांना कायम करायला तयार झाली. पाच! दीड वर्ष घसा फोडून पाच. आधी आम्ही चाळीस मागत होतो. पहिली चार नावं ज्येष्ठतेप्रमाणे ठरली, वाद नाही. पाचवी ज्येष्ठतेप्रमाणे दिव्या. फायनल इन्स्पेक्शनला आहे. लातूरकडून आलेली, कुरुळीत खोली करून लेकीला घेऊन राहते. कंत्राटदार बदलत गेले, दिव्या त्याच टेबलाशी बसून राहिली. प्रत्येक गेटसभेला पहिल्या रांगेत.

बैठक संपल्यावर एचआरचे साहेब दारापर्यंत आले. आवाज मऊ. "मॅडम, पाचव्या नावाचा आम्ही आग्रह धरत नाही. तुम्ही द्याल ते. प्रेस शॉपला माणूस मिळाला तर आम्हाला बरंच आहे, पण बघा. तुमची गावात कमिटमेंट आहे, असं कानावर आलं."

यांच्या कानावर सगळं येतं.  तिथल्या तिथे झापायला हवं होतं. एरवी झापलं असतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ज्येष्ठता हा कामगाराचा एकमेव न चोरता येणारा दागिना आहे. हे वाक्य माझंच. फलकावर लिहिलेलं आहे, युनियनच्या ऑफिसात. आज त्याकडे पाठ करून बसले.

२३ नोव्हेंबर, रविवार

मंत्र पहिल्यांदा वापरला. पुलाखाली मरून पडलेला एक लोहार. किल्ल्याचा चोरदरवाजा त्यानेच घडवलेला, म्हणून तो उठायला हवा. प्रत्येकाने ओंकारच्या कानात आपला शब्द सांगायचा होता. मी विसरले आणि मोठ्यानेच बोलले. "तुझी भट्टी तुझ्या पोराच्या हाती देईन." उत्कर्षा कानात काहीतरी सांगून हसली. बिरूने फार थोडं सांगितलं, दोन-तीन शब्द असतील. ओंकार त्याच्याकडे बघतच राहिला. मग फासा टाकला. लोहार उठला.

दरवाजा सापडला. मी आनंदाने टेबलावर थाप मारली. "बघा! भट्टी!"

"ताई, तुमाला कसं म्हाईत, भट्टीच ते?" बिरू म्हणाला. तो हसत नव्हता.

"लोहाराचं दुसरं काय राहून जाणार?"

"खरंय," म्हणाला आणि फासा तळहातावर घोळवत बसला.

शब्द मोडणाऱ्याचं काय, ते अजून अडलंय. तीन पर्याय वाचून दाखवले. एक, त्याचा उजवा हात निकामी होतो. दोन, त्याची वाचा जाते. तीन, मेलेला उठून त्याच्या मागे मागे चालतो. त्रास देत नाही, बोलत नाही. फक्त चालतो. उत्कर्षा म्हणाली तिसरा भयंकर आहे, तोच ठेव. मी म्हटलं विचार करते.

थकले आहे. झोपेने न जाणारा थकवा.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सही केली. पाचवं नाव बिरू सोनबा. बापाचं नाव लिहिताना हात थांबला नाही. थांबायला हवा होता.

स्वतःला पटवायला मी कारणं शोधली आणि सगळी सापडली. सभेला बोलायला उभी राहिले तर टाळ्याही मिळतील अशी कारणं. बाप या पट्ट्यात झिजला. प्रेसचं काम जोखमीचं, त्याला संरक्षण आधी हवं. दिव्याचं पुढच्या करारात बघू. पुढच्या करारात! हेच शब्द साहेब लोक वापरतात तेव्हा मी त्यांना सोलते.

नोटीस आठ तारखेला लागणार. तोवर बिरूला सांगायचं नाही, असं ठरवलंय. वर्षश्राद्धाला सांगेन. सगळ्यांसमोर.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दिव्याने कॅन्टीनच्या बाहेर गाठलं. ऑफिसातून कुणीतरी बोललं असणार.

"ताई, माझं नाव न्हाई म्हनं यादीत."

खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. "नाही. बिरूचं आहे."

"बिरू माझ्या लई मागून आला की."

"हो."

"मग?"

मी बोलू लागले. ती ऐकत राहिली. सभेत ऐकते तशीच, मान किंचित वाकडी करून. माझं संपल्यावर म्हणाली, "तुमी बोलल्यावर समदं खरंच वाटतंय, ताई. आतासुद्दा वाटलं." डबा धुवायला गेली.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

३० नोव्हेंबर, रविवार

खेळाला गेले नाही. मला ताप आहे, असं ओंकारला कळवलं. ताप नव्हता.

४ डिसेंबर, गुरुवार

सोनबांचं वर्षश्राद्ध. रजा टाकून गेले. अंगणात मांडव, फोटोला हार, गाव लोटलेलं. कुशाबाईंनी मला पुढच्या खुर्चीवर बसवलं.

बोलले. आवाज बरा लागला. शेवटी जरा थांबले, थांबायचं असतं तिथे, आणि म्हणाले, "सोनबा, गेल्या वर्षी घाटावर शब्द दिला होता. गेल्या आठवड्यात करारावर सही झाली. बिरू कायम झाला."

तोच हुंकार. कुशाबाईंनी पदर तोंडाला लावला. म्हातारी माणसं माझ्याकडे वळून बघत होती, हात जोडत होती. एक जण म्हणाला, "कावळा उगा न्हाई उतरत, बाबा."

बिरू पंक्तीत बुंदी वाढत होता. वाढायचा थांबला. माझ्याकडे नाही, हातातल्या बादलीकडे बघत राहिला. मग बादली शेजारच्याकडे देऊन घराच्या मागे गेला. मला वाटलं भरून आलं असेल. मागून जावंसं वाटलं, पण लोक सोडेनात.

परतताना बसमध्ये वाटलं, संपलं एकदाचं. अंगावरून ओझं उतरलं. दिव्याचा चेहरा आठवला, पण तरी उतरलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

पाळी सुटल्यावर बिरू गेटवर थांबलेला. चहा घेऊ म्हणाला. चहा आला, तो प्याला नाही.

"ताई, माझं नाव काढून टाका."

मला कळेना. वेड लागलं का, म्हणाले.

"आप्पा जन्मभर एकच सांगत आले. काय बी कर, प्रेसफुडं उभा ऱ्हाऊ नगंस. मी ऐकलं न्हाई. त्या दिशी घाटावर तुमी माइकवर बोलत व्हता ना, तवा मी खाली मान घालून त्यास्नी म्हनलो, आप्पा, सोडतो प्रेस. मनातच. आन उतरला कावळा. तुमच्याबी शब्दाला आन माज्याबी. एकदमच."

"मग सोडली का नाहीस?"

"आख्ख्या गावाफुडं शब्द दिला व्हता तुमी. मी सोडली असती तर तुमचा पडला असता." मग म्हणाला, "वरीसभर उभा ऱ्हायलो, ताई. रोज बोटं मोजत."

यादी सोमवारी लागते, तोवर नाव बदलता येतं. उद्या सकाळी कुरुळीला दिव्याच्या खोलीवर जायचं आहे. काय बोलायचं ते तयार केलेलं नाही.