रात्रीची लाइन आणि माझी झोप

प्रिय रवी,

पत्र बघून तू चक्रावशील. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मी नेहमीसारखी गप्प बसते. या वेळी मला शेवटपर्यंत बोलायचं आहे. आधी तब्येतीचं. शेवटचा केमो झाला, छातीची डावी बाजू काढली तिथली जखम भरली, आणि डोक्यावर सरकीवर असते तेवढी लव आली आहे. बेबीमावशी रोज हात फिरवून बघते आणि मला लहान पोरीसारखी चिडवते. लोहाऱ्याच्या तिच्या एका खोलीत आमचं बरं चाललं आहे.

दुसऱ्या केमोनंतर माझी झोप उडाली ते तुला ठाऊक आहे. अंगातून वाफा निघायच्या, तळपाय जळायचे. डॉक्टर म्हणाले, झोप नाही तर अंगात ताकद नाही, आणि ताकद नाही तर पुढचा डोस नाही. गोळ्या वाढवण्याऐवजी त्यांनी मला फोनवरच्या उपचारात घातलं. दर गुरुवारी अकराला प्रेरणा नावाची मुलगी नागपूरहून फोन करायची. एक वही करायला लावली. किती वाजता आडवी झाले, डोळा कधी लागला, जाग कशाने आली, सगळं लिहायचं. दिवसा झोपायचं नाही. रात्री झोप लागली नाही तर खाटेवर तळमळत पडायचं नाही, उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. आता तिला काय माहीत, आर्णीकडच्या घरात माघ महिन्यात दुसरी खोली म्हणजे काय! बोंडअळीचं साल, निम्मा कापूस किडका, आणि उरलेला भाव चढेल म्हणून आढ्यापर्यंत भरलेला. मी त्या ढिगावरच जाऊन बसायची. अंगभर खाज सुटायची, पण हुकूम पाळायची. तुझी आई अभ्यासात कधी मागे नव्हती.

तिसऱ्या का चौथ्या रात्री तुझ्या बाबांना जाग आली आणि खाट रिकामी दिसली. "बिमार हाय तं बिमारावानी पडून राय ना, कायले उठून राह्यली? फोनवरची पोरगी नवऱ्याजवळून उठाले शिकवते का तुले?" एवढं बोलून त्यांनी मला कापसातून पायाला धरून खाली ओढलं. डोकं उंबऱ्यावर आपटलं. मग लाथा. तुला हे नवीन नाही. लहानपणी तू गोधडी डोक्यावरून घेऊन पडायचास आणि सकाळी माझ्याकडे न बघता दूध प्यायचास. मी तुला कधी विचारलं नाही, तूही कधी विचारलं नाहीस. या वेळी मी फोनवर सांगितलं, तर म्हणालास, बाबांना बोंडअळीचं टेन्शन आहे, तू सांभाळून घे. अरे, अळी काय मी सोडली होती बोंडात? त्या दिवशी मला तुझा त्यांच्यापेक्षा जास्त राग आला. आजही आहे.

वहीत मी लिहिलं, जाग आली, मच्छर. पुढच्या रात्री, खाज. मग खोकला. प्रेरणाला दर गुरुवारी हेच वाचून दाखवायची. सहाव्या गुरुवारी ती म्हणाली, काकू, तुम्हाला एक आठवडा सात-सात तास झोप लागते आणि पुढचा आठवडा दोन तास. पुन्हा सात, पुन्हा दोन. मच्छर आठवडा सोडून येतात का? मी वही समोर धरून बसले. आपल्याकडे शेतात विजेची एक आठवडा दिवसाची लाइन असते आणि एक आठवडा रात्रीची. रात्रीची असली की तुझे बाबा मोटर सुरू करून हरभऱ्याला पाणी द्यायला शेतात. केमोच्या वाफा दोन्ही आठवड्यांत सारख्याच होत्या. मी तिला एवढंच सांगितलं, लाइन रात्रीची असली की मी झोपते. पोरगी हुशार. तिने विचारलं, काकू, घरात तुम्हाला कोण मारतं? इतक्या वर्षांत हे मला पहिल्यांदाच कोणी विचारलं. मी फोन कानाला लावून हमसून हमसून रडले.

त्याच रविवारी दिवसाची लाइन सुरू झाली. रात्री मी उठले तशी त्यांनी माझा डावा हात धरला. त्या हाताला डॉक्टर रक्तदाबाचा पट्टासुद्धा बांधू देत नाहीत. तो त्यांनी पिळून मला खाली पाडलं आणि व्रणावर गुडघा रोवला. माझा उजवा हात खालच्या फळीवर गेला, तिथे खलबत्त्यातला बत्ता होता. पहिला घाव मनगटावर बसला, हाड मोडल्याचं ऐकू आलं. मग खांद्यावर घातला, मग पाठीवर. किती घातले ते मोजले नाहीत. ते "मारू नोको, मारू नोको" म्हणत दारापर्यंत सरपटत गेले. त्यांनी तुला सांगितलं ना, कापसाच्या गंजीवरून पडून हात मोडला? कोणी पडलं-बिडलं नव्हतं. पहाटेच्या पहिल्या गाडीने मी बेबीकडे आले. ती म्हणाली, "तो मारून राह्यला अन् तू वहीत मच्छर लिहून राह्यली?" त्या रात्री मी नऊ तास झोपले.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. मोनाली परवा पुण्याहून इथे आली. तुम्ही दोघं भांडलात, ती रुसली आहे, असं तू बेबीला फोनवर म्हणालास. मी माझ्या सुनेचा कान बघितला, रवी. आतून रक्त आलं आहे. पाठीवर पट्ट्याच्या बक्कलचे वळ आहेत. ती दुपारीसुद्धा डोळा लागला की दचकून उठते आणि आधी दाराकडे बघते. रविवारी तू तिला न्यायला येणार आहेस म्हणे. येऊ नकोस. तुझ्यावर माझा जीव आहे, कधी कमी होणार नाही. तुझ्या बाबांचा हात मोडताना मला काहीच वाटलं नव्हतं. तुझा मोडताना मी खूप रडेन, पण मोडेन. ती आत्ता माझ्या शेजारी झोपली आहे, आणि दाराकडच्या बाजूला मी आहे.

तुझीच,
आई