बाजेतून गोल्फ

मु. धारणी,
वैशाख, १९६१

तीर्थरूप भगवंतराव मामांच्या पायी खुशालचा दंडवत. तुमचे गुडघे जिना चढू देतात की नाही आणि मामीचा दमा कसा आहे, ते कळवावे. आम्ही सुखरूप आहोत. पत्त्यावर अमरावतीच्या जागी धारणी पाहून दचकू नये. तुमच्याच आशीर्वादाचे फळ आहे.

अकोल्याच्या जिनिंगमधला गोरा मॅनेजर विलायतेला गेला, तेव्हा त्याच्या गोल्फच्या काठ्या, थोडे चेंडू आणि एक चित्रांचे पुस्तक तुम्ही उचलून माझ्याकडे धाडले. निरोप असा की, बांधकाम खात्याचे नवे मोठे साहेब हाच खेळ खेळतात, तेव्हा तू शीक, म्हणजे बदलीतून वाचशील. (गोरे गेले, काठ्या मात्र आपल्या पाठीवर ठेवून गेले, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.) तुमच्या सूनबाईला, गोदाला, नुकतीच अमरावतीच्या कन्याशाळेत नोकरी लागलेली, आणि आम्हा ओव्हरसियर लोकांत इकडे जंगलात धारणीला कोणाला पाठवायचे याची खलबते सुरू झालेली. मी शिकायला लागलो.

पुस्तकात म्हटले होते की चेंडूपासून खांद्यापर्यंत तिरपी काच ठेवली आहे आणि तिच्या मधोमध भोक पाडून आपण मुंडके बाहेर काढले आहे, असे समजावे. काठी फिरवायची ती त्या काचेच्या अंगाअंगाने, तिला न फोडता. मला समजून काम भागेना. म्हणून मी आमची बाज बांबूंवर तिरपी उभी केली, सुतळीची वीण फाकवली आणि त्यातून मुंडके काढले. तेवढ्याने हात आवरेनात, तेव्हा बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव आणून तीही तिरपी रोवली आणि तिच्यावरून काठी घासत फिरवू लागलो. काख उघडू नये म्हणून काखेत टॉवेल. शेजारचे वामनराव (मराठी शाळेचे हेडमास्तर, सबब सर्वज्ञ) कुंपणापाशी उभे राहून गोदाला म्हणाले की अशा रोग्याला उन्हात ठेवू नये. गोदा मला एवढेच म्हणाली, "तुमी खेळून राहिले का फाशी घेऊन राहिले, ते आधी सांगा. मले शाळेत जायचं आहे."

पण मामा, हात बसला. धावेवरून काठी अशी सरसर फिरे की मीच खुश होई. पंचाईत एवढीच की धाव काढली की काठी कुठे जाईल याचा नेम नसे. एकदा ती वामनरावांच्या पपईत गेली.

तशात साहेबांचे बोलावणे आले. परतवाड्याच्या डाकबंगल्यामागे काळ्या रानात त्यांनी मैदान केले होते. साहेबांनी नऊ खड्डे खणवले होते, आणि उन्हाळ्याने त्याच रानात हजारो भेगा पाडल्या होत्या. चेंडू खड्ड्यात कधी जात नसे, भेगेत मात्र हमखास. आमचे हेडक्लार्क जानराव प्रत्येक भेगेपाशी वाकून "वा साहेब, काय नेम" म्हणत. (या माणसाची बदली कधी झाली नाही.)

मी आपला खडीच्या ट्रकमध्ये बाज आणि धाव घेऊन गेलो होतो. धावेशिवाय माझे हात चालत नाहीत, हे साहेबांपासून कसे लपवणार? वाटले, हसतील. पण साहेब बाजेभोवती फिरले, पुस्तक पाहिले, गंभीर झाले आणि म्हणाले, "माझाही हाच दोष आहे, हात आवरत नाहीत." टोपी जानरावांच्या हाती देऊन त्यांनी मुंडके विणीतून बाहेर काढले आणि सारा जोर लावून काठी फिरवली. बांबू निसटले, वीण पिळली गेली आणि चार पायांची बाज साहेबांच्या गळ्यात बसली.

आम्ही ओढली, साहेब ओरडले. चौकीदार नत्थुजी विळा घेऊन आला आणि त्याने अदबीने विचारले, "साहेब, बाजेवर निजाचं सोडून तिच्यात काहून घुसले?" विळा पाहून साहेब मागे सरू लागले, बाजेसकट. नेमकी त्याच वेळी नागपूरच्या वरच्या साहेबांची जीप आत आली. आमच्या साहेबांनी गळ्यातल्या बाजेसह सलाम ठोकला. वरचे साहेब जीपमधून उतरून बाजेपाशी आले. मग त्यांनी शांतपणे विचारले, "बाज सरकारी आहे काय?" साहेब काही बोलायच्या आत जानराव पुढे झाले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "नाही सर, खुशालरावांची."

माझी बदली तिथल्या तिथेच झाली. हुकूम नंतर आला.

गोदाने नोकरीचा राजीनामा लिहिला तेव्हा ती रडली नाही, माझ्याशी बोललीही नाही. मामा, ते मला फार लागले. आता ती इथे पोरींना घरीच शिकवते. तेव्हा काठ्या परत धाडतो आहे. त्या तुमच्या शत्रूला द्याव्या.

तुमचा आज्ञाधारक (हीच माझी चूक) भाचा,
खुशाल

ता. क. वामनरावांकडून बातमी आली की साहेबांनी खेळ सोडला असून ते आता सतार शिकतात. कृपा करून मला सतार धाडू नये.

पुन्हा ता. क. काठ्या आज धाडणार नाही. काल संध्याकाळी क्वार्टरमागच्या मुरमाड माळावर, बाज नाही, धाव नाही, नुसत्या रागाने काठी फिरवली. चेंडू असा उठला की डोळ्यांत मावेना. नाल्यापलीकडे सागांत गेला. गोदा दारात उभी होती. बऱ्याच दिवसांनी बोलली. म्हणाली, "अजून एक मारा." पण तो शेवटचाच होता. त्या मॅनेजरच्या सामानात चेंडू उरले असतील तर पहिल्या मोटारीने पाठवावे, आणि गोदाच्या उंचीची एक काठी मिळाली तर तीही. मामीला सांगू नये.