चिखलवाल्यांच्या फौजेची वाटणी

मी, रंगा वेंकटेश राव, वय वर्षे चौसष्ट, धंदा पितळी भांड्यांचे दुकान, राहणार कुंभकोणम्, कोणाच्या दडपणाखाली न येता लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. धाकटा भाऊ मुरली वेगळे सांगेल. त्याचे ऐकू नये.

१. राहते घर पत्नी अलमेलू हिचे. दुकान आणि बँकेतील ठेव मुलगी हरिणी हिची. यावर घरात वाद नाही.

२. आता मुद्द्याचे. 'सात तीर' या युद्धखेळातली माझी चिखलवाल्यांची फौज: शिशाचे एकशे बारा शिपाई, प्रत्येक अंगठ्याएवढा. एकतीस वर्षांपूर्वी खेळाचे पहिले पुस्तक मद्रासहून आणले, तेव्हा त्यात ड्रॅगनवाले होते, जादूगार होते. मी आणि मुरलीने चिखलवालेच निवडले. त्यांना राजा नव्हता. पायात वहाण नव्हती. हातात जाळे आणि बांबू. एक पडला की बाकीचे लढाई सोडून त्याला उचलत. त्यापायी आम्ही डावामागून डाव हरलो आणि मिशीला पीळ देत हरलो.

३. चौथ्या आवृत्तीत कंपनीने त्यांना राजा दिला. सोन्याची चिलखते दिली. उडत्या मगरी दिल्या! मगरीला पंख कशाला, हे मी तीन पत्रे लिहून विचारले, उत्तर नाही. पडलेल्याला उचलायचा नियम काढला, कारण म्हणे खेळ रेंगाळतो. अहो, मग चिखलवाले राहिले कुठे? नाव तेवढे ठेवले आणि माणसे बदलली. पुण्याचा एक खेळाडू मला फोनवर म्हणाला, तुमचे चिखलवाले जुनाट आणि तुमची मराठीही जुनाट. इकडे तमिळ मुलखात आमच्या घरात तीनशे वर्षे हीच बोलतात. त्याला विचारून बदलायची होती की काय?

४. मुरलीने स्वतःकडचे चाळीस शिपाई सोनेरी रंगवले. मला न विचारता. साक्कोट्टैला त्याच्या घरी ते काचेच्या कपाटात राजासकट उभे आहेत. सहा वर्षे मी त्या घरचे पाणी प्यालेलो नाही.

५. म्हणून सगळी फौज हरिणीला. ती खेळत नाही, पण रंगही फासणार नाही. वकील म्हणाले, साक्षीदाराला वाटा ठेवू नये. हे ऐकताच मी पहिला साक्षीदार म्हणून मुरलीलाच नेमले. त्याला एकही शिपाई मिळू नये आणि ते त्याने स्वतः सही करून कबूल करावे, एवढाच हेतू.

६. हे कलम आज वाढवले. मुरली सकाळी आला. सगळे वाचले, स्वतःबद्दलचेही. पेन उघडले, परत बंद केले. म्हणाला, "अण्णा, साक्षीला दुसरा कोणी बघ."

मी विचारले, आता लाज वाटली का?

"साक्षीला वाटा नाही ना. मला वाटा पाहिजे."

सोनेरी रंगाची माफी त्याने मागितली नाही, हे नोंदवतो. राजा बरा दिसतो असेही म्हणाला. मला राग आला, आणि मी शिपाई मोजायला घेतले.

७. सबब कलम ५ रद्द. छप्पन्न शिपाई हरिणीला, छप्पन्न मुरलीला. त्यांना रंगाचा थेंब लागता कामा नये. मी मरेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. रविवारी त्याने आपली सोनेरी पलटण घेऊन यावे. त्या राजाला मी लोळवतो की नाही बघा.

स्थळ: कुंभकोणम्
दिनांक: ११ सप्टेंबर २०२५
सही: रंगा वेंकटेश राव

साक्षीदार:
१. मुरली वेंकटेश राव (नाव खोडले, वारस)
२. सतीशकुमार, शेजारी, कॉफीपूड दुकान
३. विजयलक्ष्मी, निवृत्त शिक्षिका