काचमासा

गुरुवार, दुपार (शाळेला दांडी)

ती. पप्पा,

नमस्कार. 'ती.'च्या पुढे काय असतं ते मला येतं, पण सध्या एवढ्यावरच भागवा. आम्ही मजेत आहोत. तुम्ही मजेत असताच, म्हणून विचारत नाही.

पत्र कशाला, फोन आहे की, असं म्हणाल. फोनवर जरा कामाचं बोलायला लागलं की तुमचा आवाज तुटतो. कागदाचा तुटत नाही.

रविवारी बारक्याच्या वाढदिवसाला तुम्ही मासे घेऊन येणार, टाकी धुऊन ठेव, असा निरोप आईने दिला. टाकी म्हणजे तुम्ही मागच्या वेळी आणलेली तीच. तुम्ही गेल्यापासून आई तिच्यात कांदे ठेवत होती. काय वाईट नव्हती दिसत. कांदे मेले नाहीत एवढं नक्की.

मासे आणतो हा निरोप तुम्ही गेल्या महिन्यातही दिला होता आणि आला नव्हतात. तेव्हाच मी ठरवलं होतं की तुमच्या आधी आपणच मासे आणून सोडायचे. तुम्ही पिशवी घेऊन दारात उभे आणि टाकी आधीच भरलेली. तुमचं तोंड बघायला बारक्याला खुर्चीवर उभं करणार होते. त्याच आठवड्यात टाकी घासली, पाणी भरलं, गाळणीचं यंत्र लावलं आणि शोभेच्या माशांच्या दुकानात गेले. तिथला टकल्या गिऱ्हाईक आलं की असा बघतो जसं आपण त्याचं जेवण मागायला आलोय.

"टाकी कधीची?" म्हणाला.

"आजची. चकाचक आहे."

"मग मासे नाही मिळणार. कोरं पाणी आहे ते."

मला वाटलं याला धंदा करता येत नाही. मग त्याने तुसडेपणाने सांगितलं, तसंच तुम्हाला सांगते. मासा खातो आणि घाण करतो. त्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते विष खाणारे जंतू असतात, ते गाळणीच्या स्पंजात हळूहळू वाढतात. नव्या टाकीत ते नसतातच. त्यामुळे कोऱ्या पाण्यात मासे सोडले की ते स्वतःच्याच घाणीने मरतात. म्हणून आधी मासे नाहीत. आधी रोज चिमूटभर खाणं रिकाम्या पाण्यात टाकायचं, ते कुजू द्यायचं आणि जंतूंची वाट बघायची.

विज्ञानात मला ढकलून पास करतात, पण हे कळलं. घाण करणारा आधी आला आणि निस्तरणारे नंतर आले की काय होतं, ते आपल्या घरात पाहिलेलं आहे.

तर मी नसलेल्या माशांना जेवायला घालायला लागले. आई म्हणाली, असलेल्या भावाला घाल जरा. टकल्याने थेंबांच्या बाटल्या दिल्या. नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग बघायचा. आधी हिरवागार, म्हणजे विष. मग तो उतरला आणि दुसऱ्या बाटलीने जांभळा आला, म्हणजे दुसरं विष. पाण्याला वास येत होता. मला कंटाळा येत होता. कंटाळा आला की मी काय करते ते तुम्हाला माहीत आहे. नसेल तर मुख्याध्यापकांना विचारा.

मी गल्लीत आवई उठवली की आमच्याकडे काचमासा आलाय. संपूर्ण पारदर्शक. ज्याची नजर साफ त्यालाच दिसतो. बघायचा असेल तर माझं एक गणित सोडवून द्यायचं. पोरं रांगेत. वरच्या मजल्यावरचे पेन्शनर आजोबा तर चष्मा पुसून म्हणाले, शेपटी दिसली, किंचित निळसर आहे. तुम्हाला ते आवडतील. न बघता ठामपणे बोलायची सवय त्यांनाही आहे.

सगळे काचेला नाक लावून बघत होते, फक्त बारक्या नाही. तो दारात, हात पाठीमागे बांधून. मला म्हणाला, "त्यांना सांग ना, टकटक करू नका."

मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, अरे मासा नाहीच आहे.

"बरं झालं," म्हणाला. "नसलेला मरत नाही."

आता जरा सावरून बसा. मागच्या वेळी तुम्ही टाकी आणि मासे एकाच दुपारी आणले, ओतले, फोटो काढला आणि गेलात. मासे एकामागून एक उलटे झाले. बारक्याने रडत तुम्हाला फोन केला, तेव्हा तुम्ही काय म्हणालात आठवतं? "तू काचेवर टकटक केली असशील, घाबरून मेले." तुमचा आवाज तेव्हा अजिबात तुटला नव्हता.

तेव्हापासून तो काचेला हात लावत नाही. आईच्या बेकरीत सगळी पोरं काउंटरच्या काचेवर तळवे उमटवतात, हा हात मागे घेऊन उभा. बसमध्ये खिडकीशी बसत नाही. आई म्हणते, शहाणा आहे. डोंबलाचा शहाणा.

मी त्याला सांगितलं, जंतू, विष, सगळं. थेंब टाकून रंगसुद्धा दाखवले. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, तू काचमासा आहे असंपण सांगितलं होतंस.

तुमच्या नावाने त्याला चिठ्ठी लिहून देणं माझ्या हातचा मळ आहे. प्रगतिपुस्तकावर तुमची सही मीच करते, तुमच्यापेक्षा सुबक येते. कागदही घेतला होता. फाडला. हे एक काम तरी तुमचं तुम्ही करा.

पाणी तयार आहे. आज नळीत ना हिरवा आला, ना जांभळा. तर रविवारी या, पण पिशवी आणू नका. फुगे नकोत, केक आई आणतेय. दारातच, चपला काढायच्या आधी, बारक्याला सांगायचं: मासे तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे मेले. एवढंच. पाण्यामुळे म्हणायचं नाही. नशीब मध्ये आणायचं नाही. मग आपण तिघं दुकानात जाऊ. टकल्या तुमची अक्कल काढेल, ती निमूट काढू द्या.

जमणार नसेल तर येऊ नका. मी बारक्याला सांगेन की पप्पा आलेत, तिकडे खुर्चीत बसलेत, काचेचे आहेत, नीट बघ.

तो बघेल हो. हात मागे बांधून, बराच वेळ बघेल. म्हणून सांगते, या.

तुमची, निदान रविवारपर्यंत,
वांड